विनीच्या कुशीचा तक्ता

विनीच्या माकडहाडाजवळची जखम आता माझ्या अंगठ्याएवढी खोल झाली होती. ब्याण्णव वर्षांची बाई, स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी तिला वळवायचं आणि पलंगाला लटकवलेल्या तक्त्यात सही करायची, असा आमच्या वृद्धाश्रमाचा नियम. पण एकोणीस म्हाताऱ्यांमागे आम्ही दोघी. मग चारच्या चहाला बसलं की दिवसभराच्या सगळ्या चौकटी एका दमात भरायच्या. सगळेच भरायचे.

त्या जखमेचा वास आला तेव्हा मात्र मला राहवेना. आमची मॅनेजर बेव्हर्ली हिला तीनदा सांगितलं. "लॉर्ना, तुला जरा जास्तच कळवळा येतो बाई," एवढंच ती म्हणाली. शेवटी मी वृद्धाश्रमांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक कार्यालयाला फोन केला. पलीकडची पोरगी फार गोड बोलली. नाव गुप्त ठेवू म्हणाली. एकेका तक्रारीची चौकशी ते करत नाहीत, आश्रमालाच करायला सांगतात, हेही तितक्याच गोडीत म्हणाली. म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या!

चौकशी करा असं कार्यालयाचं पत्र बेव्हर्लीच्याच टेबलावर आलं. त्यात जखमेचं माप होतं.

"विनीची पाठ रोज कोण पुसतं गं, लॉर्ना?" तिनं विचारलं. "मीच," मी म्हटलं. लपवण्यासारखं उरलं होतंच काय?

तिनं कार्यालयाला तक्ते पाठवून दिले. पंधरवड्यानं कार्यालयातल्या साहेबांचा मला फोन आला.

"नोंदी तर चोख आहेत."

"खोट्या आहेत, साहेब. चहाला बसून भरतो आम्ही."

"बहुतेक सह्या एल. हॉवर्थच्या आहेत. त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मग तुम्ही त्यांना वळवलं होतं की नव्हतं?"

वळवलं म्हणावं तर तक्रार खोटी. "नव्हतं," मी म्हटलं.

बेव्हर्लीवरची तक्रार त्याच दिवशी मिटली आणि माझ्यावरची उघडली. मला घरी बसवलंय. केलं ते केलंच मी, सुटका मागत नाही. पण चौकशी संपेपर्यंत आश्रमातल्या कुणालाही फोन करायची मला बंदी आहे, आणि विनी आज कुठल्या कुशीवर पडली आहे हे मला सांगणारं दुसरं कुणी नाही.