भोंगा वाजला तर निघेन

विनीतचे वडील सयाजी दिलेला शब्द मोडत नसत, आणि शब्द देतही नसत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की अर्ध्या तासावर मधली कोंड लागते. तेवीस घरांची वाडी. त्यात सयाजींचं घर सगळ्यात वरचं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. तळीयेची दरड कोसळली त्या वर्षापासून पावसाचा जोर वाढला की विनीत महाडहून फोन करी, "बाबा, शाळेत जाऊन बसा." सयाजी म्हणत, "तुला तिथं बसून काय दिसतंय?" आणि म्हशीला वैरण घालायला निघून जात. तलाठ्यांनी समजावलं, सरपंचबाईंनी समजावलं, म्हातारबुवा ढिम्म. शेवटी एका गणपतीत सगळ्यांनी मिळून घेरल्यावर ते कावले. "माणसं उगाच भितात," म्हणाले. "यंत्र लावा. भोंगा वाजला तर निघेन, नायतर नाय."

विनीत महाडच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याने बापाला शब्दात पकडलं. शाळेच्या छपरावर पाऊसमापक बसवला, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर भोंगा. पण पंचायतीत इंटरनेटची वायर एकच, आणि शाळेचे कॉम्प्युटर, कार्यालयाचा कॉम्प्युटर, कॅमेरे, पाऊसमापक, भोंगा असे सगळे एकाच स्वस्तातल्या आठ भोकांच्या डबीत, म्हणजे स्विचमध्ये, खोचलेले. शाळेत पोरांना व्हिडिओ दाखवायला घेतला की पावसाचे आकडे वीस-वीस मिनिटं उशिरा यायचे. वीस मिनिटं उशिरा वाजणारा भोंगा घेऊन काय करायचंय?

कारखान्याने एक जुना सर्व्हर भंगारात काढला होता. विनीतने तो साहेबांना विचारून उचलला. त्यात चार-चार भोकांची दोन कार्डं बसवली, लिनक्स प्रणाली घातली, आणि आठही भोकं आतल्या आत जोडून त्या धुडाचाच स्विच केला. मग त्यात व्हीलॅनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, भिंती उभ्या केल्या. दोन आणि तीन नंबरच्या भोकांत पाऊसमापक आणि भोंगा, त्यांचा संसार वेगळा, शाळेचा वेगळा, कार्यालयाचा वेगळा. "एकाच ओटीवर बसलेल्या, पण एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा समजा," असं त्याने ग्रामसभेत सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

"तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला की हे यंत्र आपणहून भोंगा वाजवणार," तो पुढे म्हणाला. "यात सरपंचांचा हात नाय, माझापण नाय." मागच्या रांगेत सयाजींनी मान डोलावली. त्या एका मानेसाठी विनीतने चार रविवार घालवले होते.

जुलै-ऑगस्टात भोंगा दोनदा वाजला. दोन्ही वेळा सयाजी चकार शब्द न काढता म्हशीला घेऊन शाळेत येऊन बसले. विनीत महाडात बसून खूश.

घोटाळा झाला तो सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस परतीला लागल्यावर. रखमाकाकू म्हणजे पंचायतीच्या शिपाई, वीस वर्षांच्या जुन्या. आकाशात गडगडलं की कार्यालयातली प्रत्येक पिन आणि प्रत्येक वायर उपटून ठेवायची, हा त्यांचा नेम. विजेने गावातले तीन टीव्ही जाळले, पण पंचायतीचा कॉम्प्युटर शाबूत राहिला तो या बाईंमुळे. गडगडाट थांबला की त्या वायरी परत खोचायच्या, हाताला लागेल त्या भोकात. जुन्या डबीत सगळी भोकं सारखीच होती, त्यामुळे कधी बिघडलं नव्हतं. नव्या यंत्रात भोकाभोकाचा संसार वेगळा आहे, हे विनीतने ग्रामसभेला सांगितलं. पण रखमाकाकू तेव्हा चहा करत होत्या आणि त्यांना मुद्दाम सांगावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. भोकांखाली त्याने इंग्रजीत सुबक चिठ्ठ्या लावल्या होत्या. काकूंना त्या शोभेच्या वाटल्या असाव्यात. मधल्या दोन महिन्यांच्या पावसात विजा कडाडल्या नव्हत्या, म्हणून एवढे दिवस निभावलं.

त्या दिवशी दुपारी महाडात पाऊस नुसता कोसळत होता. विनीतने मोबाइल बघितला. दोन वाजून दहा मिनिटांनी कोंडीतलं यंत्र बंद पडलेलं, तीनला परत चालू झालेलं, आणि पावसाचा आकडा कुठेच नाही. त्याने काकूंना फोन लावला.

"विजा व्हत्या रे, मी काढलं सगळं," काकू म्हणाल्या. "आता लावलंय परत."

"कुठली वायर कुठं लावली?"

"आता काय सांगू? बसली तशी लावली."

विनीतने काकूंना फोनवर थांबायला सांगितलं. लॅपटॉप उघडून तो यंत्रात शिरला. इंटरनेटची वायर पिवळी आणि जाड, म्हणून तेवढी काकूंनी जागच्या जागी लावली होती, हेच नशीब. कुठल्या भोकातून कुठल्या उपकरणाचा पत्ता दिसतोय याची यादी त्याने काढली. भोंगा सहाव्या भोकात होता, शाळेच्या संसारात, म्हणजे पावसाचा निरोप त्याला पोचणार नव्हता. पाऊसमापक कुठेच नव्हता.

"काकू, एक वायर नीट बसली नाय. छपरावरनं येते ती. कट्ट आवाज होईपर्यंत दाबा."

"तिची खिट्टी तुटलीय रे. धरली तरी निसटते."

"बरं. पऱ्याचं पाणी कसं हाय?"

"लाल झालंय. साकवावरनं चाललंय."

डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला असं लाल पाणी आलं म्हणजे वर कुठेतरी माती सुटली आहे. विनीतने सयाजींना फोन केला. त्यांनीच आधी विचारलं, "भोंगा वाजला?"

"नाय, पण..."

"मग?" आणि फोन ठेवला.

विनीतने सहावं भोक शाळेच्या संसारातून काढून भोंग्याच्या संसारात टाकायची आज्ञा लिहिली. भोकाचा नंबर तीनदा तपासला. चुकून पिवळ्या वायरीच्या भोकाला हात लागला तर संपर्कच तुटणार, तो महाडात, यंत्र कोंडीत, आणि मध्ये तीसेक किलोमीटरचा भिजलेला रस्ता. त्याने आज्ञा सोडली. भोंग्याकडून उत्तर आलं.

पण भोंग्याला वाजायला सांगणार कोण? पावसाचा आकडाच नव्हता. तासाभरात तीस पडला असेल, सत्तर पडला असेल, महाडातून काय दिसणार? उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं? माझापण हात नाय, असं भर सभेत बोलला होता तो. ते खोटं पडलं, तर बाप पुन्हा घरात बसणार, या वर्षी आणि पुढच्याही. विनीतला बापाची भीती वाटली आणि बापासाठी भीती वाटली. दुसरी मोठी ठरली. त्याने काकूंना परत फोन लावला, भोंगा वाजवायची आज्ञा हाताने लिहिली, आणि मिनिटभरात फोनमधून काकूंच्या पाठीमागे तो ऐकू आला.

तेवीसही घरं शाळेत आली. सयाजी सगळ्यांच्या शेवटी, म्हशीला घेऊन. पाचला पाऊस ओसरला. काही कोसळलं नाही. लोकांनी शाळेत चहा केला आणि दिवेलागणीला घरी गेले.

रविवारी विनीत कोंडीत गेला. वायरीला नवं टोक बसवलं. यंत्राला प्रत्येक उपकरण त्याच्या पत्त्यावरून ओळखायला शिकवलं, म्हणजे वायर कुठल्याही भोकात गेली तरी ते आपापल्या संसारात जाईल. मग काकूंना म्हणाला, "विजा झाल्या की खुशाल काढा. लावताना कुठंपण लावा."

"तवाच मला इचारलं असतंस तर?" काकू म्हणाल्या.

संध्याकाळी सयाजी गोठ्यात धार काढत होते. विनीत दाराशी उभा राहिला.

"किती पडला त्या दिशी?" सयाजींनी वर न बघता विचारलं.

साठ म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. विनीतच्या ओठावर तो आकडा आलाही.

"आकडा आलाच नाय, बाबा. वायर निघालेली."

"मग भोंगा?"

"मी वाजवला. महाडातनं."

धार थांबली. "म्हंजी यंत्र नाय बोललं."

"नाय. मला भीती वाटली, म्हणून वाजवला."

"मग फोनवर तसं सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर निघाला असतात?"

सयाजींनी थोडा विचार केला. ते खोटं बोलत नसत.

"नाय," ते म्हणाले, आणि पुन्हा धार काढू लागले. बादली अर्धी भरल्यावर त्यांनी तशीच मान खाली ठेवून विनीतला सांगितलं, "पुढच्या खेपेला पण वाजव. पण तू वाजवलास, ते मला सांगू नको."