मागच्या सीटवरून

आमच्या सायकलीचं नाव जोडगोळी. दोन सीटा, दोन हँडल, चार पायडलं, आणि ब्रेक मात्र फक्त पुढच्याच्या हातात. पुढे मी, मागे बायको, हे लग्न झाल्या झाल्या ठरलं आणि त्यावर पुन्हा कधी चर्चा झाली नाही. ती शिवणकाम करते. मागे बसून रस्त्याने जाणाऱ्यांच्या कपड्यांची शिलाई तपासायची आणि मला सांगायची, त्या माणसाच्या कोटाची बाही चुकलीये. मी म्हणायचो, बाईसाहेब उंटावरून शेळ्या हाकतायत. ती म्हणायची, उंट बरा, तो निदान बडबड तरी करत नाही.

या सायकलीची एक खोड आहे. पुढची आणि मागची पायडलं साखळीने एकमेकांना बांधलेली असतात. एकाने पाय मारले की दुसऱ्याची पायडलं आपोआप फिरतात. मागचा माणूस खरंच जोर लावतोय की नुसते पाय फिरवून घेतोय, हे पुढच्याला दिसत नाही, अंदाजाने ओळखावं लागतं. मी लिफ्ट दुरुस्त करतो. भरलेली लिफ्ट कुठली आणि रिकामी कुठली, हे मोटरच्या आवाजावरून सांगतो. त्यामुळे माझा अंदाज चुकत नाही असा मला भारी गर्व.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. केस गेले, जिभेची चव गेली, सुई धरताना बोटं बधिर व्हायला लागली. आणि आता गाठ परत वाढलीये. डॉक्टर म्हणाले, तिसरी फेरी देऊन बघू, सोमवारी कळवा. गुण येईलच असं काही ते म्हणाले नाहीत. बायको तिथेच नको म्हणाली. मग मुलगी फोनवर रडली, मेव्हणीने येऊन तासभर व्याख्यान दिलं, आणि मी तिच्याशी बोलणंच टाकलं. राग आला की मी मुका होतो. त्याने आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, पण खोड जित्याची.

शेवटी तीच बोलली. कुणाच्या तरी शर्टाला गुंडी लावत होती, वर न बघता म्हणाली, "रविवारी चार टेकड्यांची फेरी मारू. चारही माझ्या पायांनी झाल्या तर घेते औषध. नाही झाल्या तर इस्पितळातल्या त्या खोलीत मला परत न्यायचं नाही, आणि तोंडही पाडायचं नाही."

मी तात्काळ कबूल झालो. मनात म्हटलं, बाई, साखळी विसरलीस तू. सगळा जोर मी लावणार, तुझे पाय आपोआप फिरणार, आणि चौथ्या टेकडीवर पोचून मी तुझा शब्द तुझ्याच पदरात टाकणार. याला फसवणूक म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण तिला जिवंत ठेवायला मी यापेक्षा मोठी लबाडीही केली असती.

रविवारी उजाडताच निघालो. तिने डोक्याला रुमाल बांधला होता आणि विजार कमरेला दोनदा मुडपली होती. आमच्या गल्लीतून बस डेपोपर्यंत उतार, मग पाण्याच्या टाकीची टेकडी लागते. तिथला चढ नेहमी आम्ही गप्पा मारत चढायचो. त्या दिवशी मी दात आवळून चढलो. मागून ती म्हणाली, आज उंटाला काय झालंय, अगदीच गप्प आहे. मी म्हटलं, वारा समोरचा आहे. वारा नव्हता.

दुसरी टेकडी कोर्टाची. तिथला रस्ता फरशीचा, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना वकिलांच्या पाट्या. चढाच्या मध्यावर मांड्या पेटल्या माझ्या. मी तिला विचारलं, दमलीस का. म्हणाली, जमतंय. तिचा आवाज बारीक होता, पण दमलेला नव्हता, आणि मला मनातून आनंद झाला. माझी युक्ती लागू पडत होती. वर पोचल्यावर आम्ही पाणी प्यायलो. पलीकडच्या गच्चीवर कुणी तरी चादरी वाळत घालत होतं, ते ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, चला.

तिसऱ्या टेकडीवरच इस्पितळ आहे. रस्ता त्याच्या फाटकासमोरून जातो. खुर्चीवर बसून पेंगणारा दरवान, ॲम्ब्युलन्सची रांग, दुसऱ्या मजल्यावर त्या खोलीची खिडकी. मी तिकडे बघितलं नाही. तिने बघितलं की नाही, मला माहीत नाही. पण तिथून पुढे सायकल एकदम जड झाली. मी मनात म्हटलं, आता ती पार थकली, आता सगळं माझ्यावर. आणि खरं सांगतो, त्या जडपणाने मला बळ आलं. छातीचा भाता झाला, डोळ्यांत घाम उतरला, दोनदा वाटलं आता पाय टेकावा लागणार. नाही टेकला. रेडिओच्या मनोऱ्याची चौथी टेकडी मी कशी चढलो ते आज आठवत नाही. फक्त रस्त्यावरची पांढरी रेघ आठवते.

मनोऱ्याखाली कठडा आहे. सायकल त्याला टेकवली आणि मी तिथेच बसकण मारली. खाली सगळं शहर पसरलेलं. श्वास परत आल्यावर मी म्हटलं, "झाल्या चारही. आता शब्द पाळ."

ती शेजारी बसली. तिच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता, हे मला तेव्हा दिसलं.

"पहिली माझ्या पायांनी झाली," ती म्हणाली. "तीही अर्धीच. पायाखाली काही लागतच नव्हतं, पायडल नुसतं पळत होतं. तुमची लबाडी मला तिथेच कळली. तरी इस्पितळापर्यंत पाय ठेवले कसेबसे. त्याचं फाटक मागे पडलं आणि मी पाय वर घेतले, खालच्या दांडीवर ठेवले. नंतर एकदाही लावले नाहीत."

मला आधी राग आला. शेरास सव्वाशेर भेटल्यावर येतो तसला बिनकामाचा राग. इतका वेळ ताकास तूर लागू दिली नाही हिने. मग मी विचारलं की जमत नव्हतं तर तिथेच का नाही सांगितलंस, परत फिरलो असतो, एवढ्या चढावर मला कशाला ओढायला लावलंस.

"बघायचं होतं मला," ती म्हणाली. "मी जोर लावला नाही तर तुम्हाला एकट्याला चढता येतं का."

मला रडू फुटलं. भर दिवसा, माणसं येत-जात असताना, एवढा मोठा बाप्या मी हुंदके देत बसलो. नाही येत, असं मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. मला नाही चढता येत, मला नाही जमणार. तिने डोक्याचा रुमाल सोडून माझ्या हातात दिला. तोंड पाडायचं नाही ठरलं होतं, याची तिने आठवण करून दिली नाही.

"दोन टेकड्या जमल्या की तुम्हाला," ती म्हणाली. "मी मागे बसून पाहिलंय."

उतार मी अगदी सावकाश उतरलो, ब्रेकवरचा हात न काढता. सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन मीच केला. आम्ही येणार नाही म्हणून सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत ती माझ्या शेजारी बसून होती.