दाजींचा सिनेमा हा-राफेंगला आला

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॅप्टन लेबोना त्सोलो, म्हणजे आमचे दाजी, अख्ख्या लेसोथोत प्रसिद्ध आहेत. ज्या डोंगरात घोडासुद्धा चढायला कुरकुरतो, तिथे त्यांनी आपलं इवलंसं विमान उतरवलं, औषधं पोचवली, अडलेल्या बायका राजधानीत, मासेरूच्या दवाखान्यात नेल्या. आता ते घरी असतात, कोंबड्या पाळतात आणि रेडिओशी भांडतात. त्यांच्यावर सिनेमा निघाला तेव्हा ठरलं, की तो सगळ्यात आधी त्यांच्याच गावात, आमच्या हा-राफेंगला दाखवायचा.

सिनेमा काढणारी लिनेओ नावाची मुलगी मासेरूहून यंत्र घेऊन आली. शाळेच्या हॉलला खिडक्या भरपूर, पडदा एकीलाही नाही. ती म्हणाली, "तुमची ब्लँकेटं द्या ना, लावून टाकू."

जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, शिखरांवर बर्फ, आणि आमच्याकडे ब्लँकेट न पांघरता बाहेर पडणं म्हणजे उघड्यानं हिंडणं. पण सिनेमासाठी माणूस काय करत नाही! आम्ही अंगावरची ब्लँकेटं काढून खिडक्यांना लावली. "अंधार झाला की ऊब येईल," लिनेओ म्हणाली. ती सखल भागातली, तिला काय ठाऊक!

पहिल्या रांगेत जुना गणवेश घातलेले दाजी. कोटाची बटणं लागत नव्हती, म्हणून श्वास रोखून बसलेले. शेजारी माझी बहीण मामोसा, मग मी. आमच्या मागे सेफोफाने. आमच्या भाषेत सेफोफाने म्हणजे विमान. हा बाबा दाजींच्या विमानात जन्मला, म्हणून त्याचं नाव ते. आता तो मेंढ्यांची लोकर कातरतो, छातीपर्यंत दाढी आहे आणि एका वेळी दोन माणसांची जागा अडवतो. त्याच्या शेजारी त्याची म्हातारी आई.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण विमानातून उतरला, काळा चष्मा काढला आणि हसला. हॉलमधल्या बायका सावरून बसल्या.

"हा कोण गं?" म्हातारीनं विचारलं.

"हे आमचे दाजी," मी म्हटलं.

"लेबोना? मग त्याचे कान कुठे गेले?"

हॉल खदखदला. दाजींनी दोन्ही हात कानांवर ठेवले, ते लगेच काढले. माझी बहीण मात्र हसली नाही. ती त्या तरुणाकडे अशी बघत होती, की मी तिला कोपरखळी मारली.

"मामोसा, तोंड मिट."

"थांब गं. आत्ता मला मागणी घालणार आहे."

आणि घातली! तो तरुण विमान खाली आणतो, अंगणात उभ्या असलेल्या मुलीवर फुलांचा पाऊस पाडतो, आणि मुलगी हात पसरून गोल गोल फिरते. माझी बहीण ओरडली, "हो म्हण गं! वाट कसली बघतेस?"

मग ती दाजींकडे वळली. "तुम्ही का नाही हो टाकलीत फुलं?"

"मी कांदे टाकले होते," दाजी म्हणाले. "पोतंभर. तुझ्या आईनं मागवलेले."

"खुराड्यावर टाकलेत! कोंबड्या महिनाभर अंडं देईनात. आणि मागणी? मागणी तुमच्या काकांनी घातली, तीसुद्धा माझ्या बापाला!"

"आवाज कमी करा," मागून पाद्रीबाबा म्हणाले. "आम्हाला खरे कॅप्टन ऐकू येईनात."

"खरा मी आहे!" दाजी उठले. एक बटण उडालं.

"बसा हो, दिसत नाही!" सगळा हॉल एका सुरात ओरडला.

दाजी बसले.

मग तो मोठा प्रसंग आला. बर्फाचं वादळ, आत कळा देणारी बाई, बाहेर काहीच दिसत नाही. पडद्यावरचा बर्फ बघून आम्हाला आधीच भरलेली हुडहुडी असह्य झाली. कोणीतरी हळूच उठून खिडकीवरचं आपलं ब्लँकेट काढून पांघरलं. मग दुसऱ्यानं. लिनेओ हात जोडत धावत होती, "नका हो, नका!" पण थंडीपुढे कोण ऐकतंय? लख्ख ऊन आत आलं, पडदा पांढराफटक पडला, आणि सेफोफानेचा जन्म आम्ही फक्त ऐकला. बाळ रडलं. कोणीतरी आनंदानं म्हणालं, "मुलगी झाली!"

सेफोफाने उभा राहिला. बाक त्याच्याबरोबर उचलला गेला आणि त्याची आई घसरून माझ्या पाठीवर आली.

"काय झाली?"

लिनेओनं यंत्र थांबवलं. "दादा, सिनेमात थोडं बदलावं लागतं. मुलगी असली की लोकांचे डोळे भरून येतात."

"आणि मी असलो की?"

"माझे आले होते हो भरून," त्याची आई म्हणाली. "तेव्हाही तू एवढाच होतास."

"आता शेजारच्या खोऱ्यात लोकर कातरायला गेलो, की मेंढ्यासुद्धा हसतील!" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. दाढी थरथरत होती.

तेव्हा माझी बहीण उठली. न मिळालेल्या फुलांचा राग होताच. ती म्हणाली, "यंत्राचा आवाज बंद कर, पोरी. चित्रं फिरव. काय घडलं ते हे सांगतील."

पाद्रीबाबांच्या घरून निखाऱ्यांची शेगडी आली, ब्लँकेटं परत खिडक्यांवर चढली, आणि सिनेमा पहिल्यापासून लागला. दाजी पडद्याशेजारी उभे राहिले, घसा खाकरून म्हणाले, "त्या दिवशी हवा बरी होती. मी चहा घेतला. इंजिन नीट चाललं. मी उतरलो."

"हॅऽऽ!" लोक ओरडले. "यापेक्षा मुलगी बरी!"

दाजींचा चेहरा पडला. त्यांनी पडद्यावरच्या त्या देखण्या पोराकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायको पोराकडेच बघत होती. दाजींनी कोट काढून फेकला.

"चहा घेतला, पण तो शेवटचा ठरणार हे मला ठाऊक होतं!" ते गरजले. "इंजिन बंद पडलं. एकदा नाही, दोनदा! मी पंखावर गेलो."

"उडत असताना?" सेफोफानेनं विचारलं.

"मग काय, उतरून? एका हातात पाना, दुसऱ्या हातात पंख. समोरून गिधाड येतंय. मी म्हटलं, बाजूला हो, आत बाळंतीण आहे!"

"मी तर तिथेच होते," म्हातारी म्हणाली. "गिधाड नव्हतं."

"आई, गप!" सेफोफाने म्हणाला. "कॅप्टन, पुढे?"

"पुढे बाळ झालं. मुलगा! असा दणकट, की विमान डावीकडे कललं!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. सेफोफानेनं आईला उचलून गोल फिरवलं. माझी बहीण डोळे पुसत होती. "मला हे कधी सांगितलं नाहीत!" ती म्हणाली, आणि दाजींना चक्क लाजायला झालं.

लिनेओ इतकी खूश झाली, की मासेरूच्या मोठ्या थिएटरातही तिनं दाजींना असंच पडद्याशेजारी उभं राहून सांगायला बोलावलं. दोघं नवरा-बायको थाटात गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मी विचारलं, "काय म्हणाले लोक?"

"शिकलेली माणसं," दाजी वैतागून म्हणाले. "शेवटपर्यंत कोणी एक अक्षर बोललं नाही. मग टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. अशांसमोर कसलं आलंय विमान चालवणं?"