बाराच्या आत अकरा ओळी

अकरा वाजून अठरा मिनिटांनी आत्याबाईंचा फोन आला.

"वहिनी, दहा किलोच्या बाळाला एवढं औषध? आमच्या नातवाला पाजलं तर परवापर्यंत उठायचा नाही!"

सासूबाई हसल्या नाहीत. मुलांच्या वॉर्डात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढलेल्या बाईला असल्या थट्टेवर हसू येत नाही. "पानाचा फोटो पाठवा," एवढंच म्हणाल्या.

फोटो येताच सुनेने संगणक उघडला. मुलांच्या आजारपणावर सासूबाईंनी लिहिलेल्या पुस्तकाची फाइल तिनेच तयार केली होती आणि आत्याबाईंना आधी वाचायला पाठवली होती. तापाच्या तक्त्यात डावीकडे बाळाचं वजन आणि उजवीकडे औषधाची मात्रा, असे दोन रकाने तिने शेजारी शेजारी ठेवले होते. तिच्या संगणकावर ते अगदी ओळीत दिसत. आत्याबाई मात्र फोनवर अक्षरं मोठी करून वाचत. मोठ्या अक्षरांत डावीकडचं शीर्षक दोन ओळींत मोडलं, सगळी वजनं एक घर खाली सरकली आणि प्रत्येक बाळासमोर त्याच्याहून थोराड बाळाची मात्रा येऊन बसली.

तीन प्रकाशकांनी साभार परत केलेलं पुस्तक सासूसुनांनी शेवटी स्वतःच ई-बुक म्हणून काढायचं ठरवलं होतं. सहाशे चाळीस आईबापांनी आगाऊ नोंदणी केली होती. तीन दिवसांनी ते सगळ्यांच्या फोनवर आपोआप उतरणार होतं. पण पुस्तक विकणाऱ्या साइटचा नियम कडक होता. आज बाराला तिथे आधीच चढवलेल्या फाइलला कुलूप लागलं की प्रकाशनापर्यंत काही बदलता यायचं नाही. तोवर सगळी नोंदणी रद्द करता येई, पण मग वर्षभर नवी नोंदणी घेता यायची नाही.

"तक्ता काढूनच टाकू?" सून म्हणाली.

"आणि पानापानावर 'तक्ता पाहा' लिहिलंय त्याचं काय? तापलेलं पोर मांडीवर घेऊन आई तो शोधत बसेल."

"मग रकाने मोडते. प्रत्येक वजनाचं एक सरळ वाक्य करते. अकरा वाक्यं."

तिची बोटं धावू लागली. अकरा पन्नासला वाक्यं तयार झाली. ती फाइल पाठवणार, तोच सासूबाईंनी खुर्ची ओढली.

"थांब. मी माझ्या वहीतून वाचते, तू पडद्यावरचं बोल."

"अहो आई, वेळ कुठाय! मी बघून बघून टाइप केलंय."

"वॉर्डात दोघींनी म्हटल्याशिवाय औषध बाळापर्यंत जात नसे. मी एकटीने कधी दिलं नाही, तू का देतेस?"

सून मुकाट्याने वाचू लागली. सासूबाई एकेक आकडा उच्चारत, सून पडद्यावरचा म्हणे, मग वहीत पेन्सिलीची खूण होई. पहिली ओळ झाली, दुसरी, तिसरी. चौथीला आकडे जुळले नाहीत. घाईत तिने तिथे पाचवीची मात्रा लिहिली होती.

सुनेने आकडा बदलला. "पुन्हा म्हणा," ती म्हणाली. आता तिचा सूर निराळा होता.

आठ ओळी झाल्या तेव्हा बाराला चार मिनिटं होती. फाइल चढायलाच तीन मिनिटं लागत.

"आई, उरलेल्या तीन बरोबरच असतील. पाठवू?"

"चौथीच्या वेळीही तुला तसंच वाटलं होतं ना?"

"वर्षभर नोंदणी नाही मिळायची. सहाशे चाळीस लोक परत कुठून आणायचे? तीन प्रकाशकांच्या दारात उभ्या राहिलात, ते कशासाठी?"

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाराला दोन मिनिटं उरली.

"रद्दचं बटण कुठलं?"

"मी दाबते," सून कशीबशी म्हणाली.

"नको. पुस्तकावर नाव माझं आहे."

त्यांनी बटण दाबलं. 'नक्की?' असं पडद्याने विचारलं. त्यांनी पुन्हा दाबलं. ६४०च्या जागी शून्य उमटलं. सून त्याच्याकडे बघत राहिली.

पाचच मिनिटांत फोन वाजला. "वहिनी, माझी नोंदणी रद्द झाल्याचा निरोप आलाय! मी चूक काढली म्हणून मलाच हाकललंत की काय?"

"सगळ्यांनाच हाकललं, वन्सं. पुस्तक निघालं की आधी तुमच्या फोनवर वाचणार, तीच मोठी अक्षरं लावून."

फोन ठेवून त्यांनी वही पुढे ओढली. पेन्सिल नवव्या ओळीवर टेकली होती.

"हं. बोल," त्या म्हणाल्या.