टाकी पाठीवर, कागदावर नाही

मित्रांनो, मी एक जुनी फोर बाय फोर पिकअप आहे आणि सध्या माझ्या मागच्या सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण चालू आहे. सीटचा अर्धा फोम आगीत वितळून दगडासारखा झाला. उरलेला उंदरांनी कुरतडून मऊ केला. त्यांच्या मुताचा वास दुपारी तापला की नको होतं. पण मला किळस उंदरांची येत नाही. उंदीर जे करतात ते उघड करतात. मला किळस येते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. इंजिनाचा जोर चारही चाकांना वाटून देणारी पेटी माझ्या पोटात बसवली, तेव्हा एका कामगाराने तिचा दांडा हाताने फिरवून पाहिला आणि मान डोलावली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. मग जहाजाच्या पोटात, शेकडो भावंडांच्या ओळीत उभी राहून मी ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडला आले.

तिथे मला रसेल व्हिटबी नावाच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. माझा विमा निवडायला त्यांनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेवर माझ्यासारखीच एक गाडी नदीतून पाणी उडवत चालली होती. डॉक्टर बायकोला म्हणाले, "कमिल, वाळवंटात अडकलो तर ओढून आणतात. नदीत बंद पडली तरी देतात. सगळ्यात वरची पॉलिसी घेऊन टाकू."

"आपण वाळवंटात कधी जाणार?" कमिलबाईंनी विचारलं.

"जाऊ की! गाडी कशाला घेतली मग?"

पुढची चार वर्षं मी शाळा, दवाखाना आणि कॉफीचं दुकान एवढंच पाहिलं. मी चढलेली सर्वांत उंच गोष्ट म्हणजे फुटपाथ. एकदा शाळेच्या मैदानात माझ्या चाकांना चिखल लागला, तर डॉक्टरांनी दोन आठवडे मला धुतलं नाही, शेजाऱ्यांना दिसावा म्हणून! तो चिखल सुकून खपल्या पडत होत्या, त्यात सांडलेलं दूध आंबत होतं आणि कागदावर मी वाळवंटातली राणी होते. मला तेव्हाच पहिल्यांदा कसंतरी झालं. पण नुकसान कोणाचं नव्हतं. जे काम मी करत नव्हते, त्याचे पैसे डॉक्टर भरत होते, एवढंच.

मग त्यांना नवा रंग आवडला आणि मी विकली गेले.

मला ग्लेनिस ट्रेझाइझ यांनी घेतलं. यॉर्क द्वीपकल्पावर त्यांचं शेत होतं. मसूर, जव आणि मेरिनो मेंढ्या. नवरा गेल्यावर शेत त्या एकट्याच पाहत. मेंढ्या हा त्यांचा जीव होता. कुठली मेंढी कुठल्या नराला द्यायची, हे ठरवत ठरवत त्यांनी बावीस वर्षांत तो कळप घडवला होता. लोकर दोन बोटांत धरून त्या डोळे मिटायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

विमा घेताना त्या फोनवर होत्या आणि शेजारी उभा होता त्यांचा धाकटा भाऊ केल्विन. तो कुंपणापलीकडे राहायचा आणि जेवायला कुंपणाअलीकडे यायचा. तोंडात पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी होती, तरी कुजबुजत होता, "खासगी वापर म्हण. शेताचं नाव काढू नकोस, हप्ता चढतो."

"अरे, पण शेतातच वापरणार ना मी?"

"त्यांना कोण सांगतंय? मेंढ्या सांगणार आहेत?"

ग्लेनिसबाई हसल्या, आणि 'खासगी वापर' म्हणाल्या. गाडीला वेगळं काही जोडलंय का, असं कंपनीने विचारलं. तेव्हा काही जोडलेलं नव्हतं, म्हणून त्या 'नाही' म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.

पुढच्याच महिन्यात माझ्या हौद्यात पाण्याची टाकी बसली. या भागात शेतकऱ्याच्या पिकअपवर उन्हाळाभर टाकी, पंप आणि पाइप असतोच. मसुराची धूळ फार ज्वालाग्राही असते. कापणी करताना ती हार्वेस्टरच्या तापलेल्या भागांवर साचते, आणि मग एक ठिणगी पुरते. धूर दिसला की दहा मैलांवरून सगळे हातातलं काम टाकून निघतात. शेत कोणाचं आहे, त्याच्याशी आपलं बोलणं आहे का, हे कोणी विचारत नाही. सहाशे लिटर पाणी म्हणजे सहाशे किलो वजन. त्याने माझ्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले, म्हणून जाड पाटे घातले. मी खऱ्या अर्थाने कामाची झाले. उन्हाळ्यात चार-पाच आगी तरी मी विझवायची. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "ग्लेनची म्हातारी पोचली, आता काळजी नाही!"

तुमच्या लक्षात आलं ना, मित्रांनो? काहीच करत नव्हते तेव्हा कागदावर सगळं होतं. सगळं करू लागले तेव्हा कागदावर काहीच नव्हतं.

पॉलिसीची मुदत संपायची नेमकी डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात. कापणीच्या ऐन धांदलीत कंपनीचं पत्र यायचं. 'गाडीत किंवा तिच्या वापरात काही बदल झाला असल्यास कृपया कळवा.' ते पत्र माझ्या डॅशबोर्डवर पडायचं. त्याच्यावर चहाचे कप ठेवले जायचे, त्याने माश्या मारल्या जायच्या. कापणी संपेपर्यंत त्याच्यावर माश्यांची आतडी चिकटलेली असायची. हप्ता बँकेतून आपोआप जायचा. पत्र कचऱ्यात जायचं. वर्षामागून वर्षं असंच चाललं.

मग एका हिवाळ्यात पलीकडच्या गावात एकाची टाकीवाली पिकअप आगीवर जाताना उलटली, आणि कंपनीने हात वर केले. बेकरीत ही बातमी ऐकून ग्लेनिसबाईंनी तीन कंपन्यांच्या पुस्तिका आणल्या. बाहेर वारा पानं उलटू देईना, म्हणून माझ्यातच येऊन बसल्या. केल्विन शेजारच्या सीटवर सांडत-लवंडत पेस्टी खात होता.

"ऐक, केल्विन. 'आग विझवण्याच्या कामात वापर केल्यास भरपाई मिळणार नाही.' ही आपलीच कंपनी. दुसरी देते म्हणते, पण टाकी आणि पाटे आधी नोंदवायचे. तिसरी शेतीची पॉलिसी देते. तिच्यात आगीचं काम धरलंय, आणि गाडी पूर्ण गेली तर किती मिळणार ते आधीच ठरवून लिहून देतात."

"आणि हप्ता?"

"तिसरीचा आत्ताच्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त."

"बघ! म्हणजे लुटतात."

"लुटत नाहीत रे. मी आगीत शिरते, तर जास्त घेणारच की."

"मग टाकी काढून ठेव."

"आणि शेजारच्या हॉकिंगचं शेत पेटलं तर काय घेऊन जाऊ? चहाची किटली?"

"मग टाकी ठेव आणि तोंड बंद ठेव. अख्खं द्वीपकल्प तेच करतं, ग्लेन. तूच काय मोठी सत्यवादी लागून गेलीस?"

ग्लेनिसबाईंनी पुस्तिका मिटली. "ही गाडी गेली ना, केल्विन, तर दुसरी घ्यायला मला अर्धा कळप विकावा लागेल. कळतंय का तुला?"

"जायची कशाला? जपान्याची गाडी आहे. तुझ्या-माझ्या मागे राहील."

माझा जन्म थायलंडचा, हेही त्याला माहीत नव्हतं. आणि मित्रांनो, सोमवारी तिसऱ्या कंपनीला फोन करायचं ठरवून ग्लेनिसबाई उतरल्या. सोमवारी लोकर कापणारे आले. पुढच्या सोमवारी तणनाशकाची फवारणी होती. मग हार्वेस्टरचा पट्टा तुटला. मग कापणी लागली, आणि डॅशबोर्डवर नवीन पत्र येऊन पडलं.

एका दुपारी, वारा उत्तरेचा, वाळवंटावरून येणारा, भट्टीसारखा, हॉकिंगच्या मसुरात धूर दिसला. ग्लेनिसबाईंनी मला काढलं, केल्विन पाइप घेऊन हौद्यात चढला. नियम असा, की जळून काळ्या झालेल्या बाजूनेच आत शिरायचं, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. आम्ही तसंच शिरलो. ज्वाळेच्या कडेकडेने पाणी मारत अर्धा मैल गेलो. पलीकडे हॉकिंगचं घर दिसत होतं, अंगणात त्याची म्हातारी आई पाण्याची झारी घेऊन उभी होती. झारी! मग वारा फिरला. आम्हाला आडवं न जळलेल्या धसकटांतून जावं लागलं. काड माझ्या पोटाखाली अडकलं आणि लालभडक सायलेन्सरला टेकलं.

आधी वायर पेटल्या. प्लास्टिक मेणासारखं ओघळलं. केल्विन उडी मारून पळाला, ग्लेनिसबाई दार उघडून माझ्यावर माती फेकत राहिल्या, शेवटी दोघा शेजाऱ्यांनी त्यांना ओढून नेलं. तिसऱ्याने माझ्यावर पाणी सोडलं. हॉकिंगचं घर वाचलं. मी वाचले नाही.

त्या दिवशी मला किळस आली नाही. तो माझा सर्वांत चांगला दिवस होता. किळस दुसऱ्या दिवशी आली.

सकाळी केल्विन पाना घेऊन शीळ घालत आला. मला ओढून शेडमध्ये आणलं होतं. त्याने माझ्या टाकीचे बोल्ट सोडवले, टाकी लोकरीच्या पोत्यांमागे लपवली. मग मला ट्रॅक्टरने ओढून गावाच्या रस्त्याकडेला उभं केलं आणि जळक्या सीटवर दुकानातली पिशवी ठेवली. पिशवीत ब्रेड, अंडी आणि मांजराचं खाणं.

"दुकानातून येताना वायर पेटली," तो म्हणाला. "एवढंच बोलायचं. बाकी मी बघतो."

ग्लेनिसबाई माझ्या पायरीवर बसल्या होत्या. भुवया जळालेल्या. रस्त्यापलीकडे त्यांच्या मेंढ्या चरत होत्या. त्या मेंढ्यांकडे बघत राहिल्या. केल्विनला 'नाही' म्हणाल्या नाहीत. राख, ओलं प्लास्टिक आणि त्या ताज्या ब्रेडचा गोड वास एकत्र झाला, आणि मित्रांनो, गाडीला ओकता येत नाही याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आदल्या दिवशी मी घर वाचवलं होतं. आज मी मांजराचं खाणं आणायला गेलेली झाले होते.

नुकसान तपासायला कंपनीची सर्व्हेअर आली. टेगन नावाची, उन्हाने नाक सोललेली मुलगी. तिने पिशवीत डोकावलं.

"गाडी जळली आणि ब्रेड तेवढा वाचला?"

"नशीब एकेकाचं," केल्विन म्हणाला.

ती खाली वाकली आणि पोटाखालून मूठभर काड ओढून काढलं. "मसुराचं आहे हे. रस्त्यावर कुठून आलं?"

"वारा बघतेस ना किती आहे? इकडे वाऱ्याने कोंबड्या उडतात, पोरी."

टेगनच्या ओठांच्या कडा हलल्या. तिने वही काढली. "म्हणजे दुकानातून येताना. खासगी वापर. जास्तीचं काही जोडलेलं नाही. असंच लिहू ना, मिसेस ट्रेझाइझ? तुम्ही म्हणाल तसं लिहिते."

केल्विनने बहिणीच्या दंडाला हलकेच कोपर लावलं. एक मेंढी ओरडली. ग्लेनिसबाई उठल्या, जळक्या सीटवरची पिशवी उचलली आणि केल्विनच्या हातात दिली.

"नको लिहूस. टाकी होती हिच्यावर. सहा वर्षं होती. काल आगीवर गेलो होतो, हॉकिंगकडे."

"ग्लेन!" केल्विन ओरडला. "अर्धा कळप जाईल! वेडी आहेस का तू?"

"कळप माझा आहे ना? मग जाऊ दे." त्या टेगनकडे वळल्या. "टाकी शेडमध्ये आहे, पोत्यांमागे. दाखवते चल."

टेगनने वही मिटली. हळूच म्हणाली, "आधी सगळं सांगून शेतीची पॉलिसी घेतली असती, तर थोडा हप्ता वाढला असता फक्त. आज पूर्ण पैसे मिळाले असते."

"माहीत आहे मला," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "वाचलं होतं मी. हिच्यातच बसून वाचलं होतं."

पैसे मिळाले नाहीत. जानेवारीत मेंढ्यांचा ट्रक आला. कुठल्या द्यायच्या, हे ग्लेनिसबाईंनी स्वतः ठरवलं. एकेकीच्या पाठीवर हात ठेवून 'ही' किंवा 'ही नको' म्हणत गेल्या. हॉकिंग मदतीला आला होता. तो फाटक धरून उभा राहिला. दुपारी ट्रक गेला आणि कुरणाचा अर्धा भाग रिकामा दिसू लागला.

मग एक जुनी लाल पिकअप आली. टाकी अजून जमिनीवर होती, तेव्हाच ग्लेनिसबाई तिच्या बॉनेटवर तीन पुस्तिका पसरून फोनवर बोलत होत्या. गाडी काय काम करते, कुठे जाते, पाठीवर किती वजन, पाटे कुठले, कोण कोण चालवतं, सगळं. मोडतोड झाली तर स्वतःच्या खिशातून पहिली रक्कम किती भरायची, तेही दोनदा विचारून घेतलं. पलीकडून कंपनीचं उत्तर लेखी आलं, त्यानंतरच त्यांनी टाकी बसवायला पाना हातात घेतला. आता दरवर्षी ऑगस्टमध्ये, पावसाने शेत बंद असतं तेव्हा, त्या हे सगळं पुन्हा वाचतात.

केल्विनची पिकअप तशीच आहे. तिच्यावर टाकी आहे, कागदावर खासगी वापर आहे. परवा तो माझ्या जळक्या दाराला टेकून बहिणीला विचारत होता, "तुझ्या त्या पॉलिसीचा हप्ता किती जास्त येतो गं?" तिने आकडा सांगितला. "एवढा?" असं म्हणून तो माझ्या चाकावर थुंकला.

मित्रांनो, उंदीर, गंज आणि राख यांच्यासह मी जगू शकते. मला फक्त एवढंच मागायचं आहे. तुमच्या घरी गाडीचा विमा काढतील किंवा पुन्हा भरतील, तेव्हा मोठ्यांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा, की आपली गाडी रोज खरोखर काय काम करते, हे तुम्ही त्यांना सांगितलं का? ते कदाचित म्हणतील, 'जा, अभ्यास कर.' ते चिडतील. चिडले, तर उत्तर 'नाही' आहे असं समजा आणि तिथेच उभे राहा.