आर्डिसची हरकत

बेथानिया चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, कपाटाच्या वर, एक जुना लाऊडस्पीकर ठोकलेला होता. कॉफी करणाऱ्या बायकांचं प्रवचन बुडू नये म्हणून कुठल्याशा जुन्या पाळकाने तो बसवून घेतला होता. बायका खाली कप मांडत, वड्या कापत आणि वरून आमेन आलं की तेवढं आमेन म्हणत. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आर्डिस लिंडविग कॉफीच्या पुडीत अंडी फोडत होती, कवचासकट, म्हणजे चोथा तळाला बसतो, तिच्या आईने शिकवली होती तशीच. तेवढ्यात वरून गॉर्डन एक्रेचा आवाज आला. हा गॉर्डन चर्चच्या समितीचा अध्यक्ष.

"पुढच्या रविवारपासून उपासनेनंतरची कॉफी फक्त बेथानियाच्या सभासदांसाठी राहील. समितीने तसं ठरवलंय. कुणाची हरकत?"

कुणीतरी खोकलं. एक बाक करकरला.

"नाही? आभारी आहे."

आणि ऑर्गन सुरू झाला.

आता स्कोगन गावच्या लोकांना कुणी हरकत विचारली आणि त्यांनी ती सांगितली, असं मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यात कधी घडलेलं नाही. बेथानियातल्या लुथरन माणसाची हरकत असते, चांगली सणसणीत असते. पण ती तो गाडीत बसून, काचा वर करून, बायकोला सांगतो. चर्चमध्ये गप्प राहिलं की ठराव मंजूर.

"ऐकलंस?" मार्लिसने विचारलं. स्वयंपाकघरात आर्डिसचा उजवा हात म्हणजे ही मार्लिस.

"ऐकलं."

"मग वर जाऊन बोल ना! मला काय विचारतेस?"

"मी कुठे काय विचारलं?" आर्डिस म्हणाली आणि चार अंडी पुरत असताना तिने पाचवं फोडलं.

बंदी कुणावर, हे गॉर्डनने बोलून दाखवलं नव्हतं आणि दाखवायची गरजही नव्हती. रस्त्यापलीकडे सेंट वेन्सेस्लॉसचं कॅथलिक चर्च. त्याला तळघर नाही, स्वयंपाकघर नाही. चौतीस वर्षांपूर्वीच्या एका हिमवादळात दोन्हीकडची माणसं आपापल्या चर्चमध्ये अडकली, तेव्हा गॅसची शेगडी फक्त बेथानियाकडे होती. कॅथलिक रस्ता ओलांडून आले, कॉफी प्यायले, आणि पुढच्या रविवारी वादळ नसतानाही आले. येताना त्यांच्या बोहेमियन आज्यांचे खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, घेऊन आले. त्यामुळे त्यांना कुणी परत पाठवलं नाही.

गॉर्डनचं दुखणं वेगळंच होतं. कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, पाऊण तासात उरकते. बेथानियाचं नुसतं प्रवचनच पस्तीस मिनिटांचं. बेथानियाची माणसं जिना उतरून येईपर्यंत हीटरजवळच्या खुर्च्या गेलेल्या असत आणि लिंबाच्या वड्या संपत आलेल्या असत. गॉर्डन याला आपल्या मंडळीची ओळख जपणं म्हणत होता. त्याला लहानपणी रविवारच्या शाळेत दहा आज्ञा आर्डिसनेच शिकवल्या होत्या. त्यात खुर्चीबद्दल काही असल्याचं तिला आठवत नव्हतं.

पण आर्डिसला काळजी ना खुर्चीची होती ना वड्यांची. तिला काळजी होती कॉरीनची.

कॉरीन तिची मोठी बहीण. तिने लेनर्ड ह्रुश्काशी लग्न केलं आणि कॅथलिक झाली. त्रेपन्न वर्षांपूर्वी, लग्न ठरल्यावर, ती लेनर्डला घेऊन बापाच्या घरी आली होती. टेबलावर लेफ्सा होते, बटाट्याच्या त्या मऊ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. कॉरीनने हात पुढे केला आणि बापाने ताटली उचलून आपल्या बाजूला ठेवली. बोलला काही नाही. आर्डिस एकोणीस वर्षांची होती, हातात कॉफीची किटली घेऊन तिथेच उभी होती. कॉरीनने बापाकडे बघितलंच नाही. तिने आर्डिसकडे बघितलं. आर्डिसने किटलीकडे बघितलं. मग कॉरीन उठली आणि गेली.

त्यानंतर एकोणीस वर्षं दोघी बहिणी एका टेबलावर बसल्या नाहीत. बाप गेला, आर्डिस त्याचं घर सांभाळत एकटीच राहिली, आणि मग ते वादळ आलं. तळघरातल्या तिसऱ्या टेबलावर कॉरीन येऊन बसली आणि म्हणाली, "कॉफी देतेस की तुझीही ताटली उचलतेस?" तेव्हापासून दर रविवारी एक तास त्यांचा होता. गेल्या ऑक्टोबरात लेनर्ड वारला. आता गावाबाहेर पंधरा मैलांवर, बर्फाने वेढलेल्या त्या शेतघरात कॉरीन एकटी होती आणि आठवड्यात तिला तेवढ्या एका तासाची सोबत होती.

आर्डिसने त्याच दुपारी फोन केला.

"कळलं मला," कॉरीन म्हणाली. "तुमच्या गॉर्डनने आमच्या फादरला चिठ्ठी पाठवलीय. किती गोड भाषा! वाचून दात किडतील."

"तू ये गं. मी बघते कोण अडवतं ते."

"नाही येणार."

"कॉरीन, हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही. एका टेबलावरून उठवलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, सहन झालं. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुणाच्या दारात उभी राहून आत घ्या म्हणणार नाही. तुला वाईट वाटू दे, मला काय!"

"मग मी येते तुझ्याकडे, दर रविवारी."

"त्या तुझ्या खटाऱ्यातून? बर्फात? खड्ड्यात जाशील आणि मलाच ओढून काढावं लागेल." मग ती म्हणाली, "आर्डिस, खरं सांग. त्याने हरकत विचारली तेव्हा तू कुठे होतीस?"

"खाली. अंडी फोडत होते."

"हं," कॉरीन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तो हुंकार आर्डिसला आठवडाभर टोचत राहिला. तिला गॉर्डनचा राग होता, पण स्वतःचा त्याहून जास्त होता. बाहत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने हजारो कप भरले होते आणि दोनदा तोंड उघडायची वेळ आली तर दोन्हीदा तिच्या हातात कॉफी होती. याला काय म्हणायचं? ही कसली सेवा?

रविवार उजाडला, उणे अठरा अंशांचा. आर्डिसने एनॅमलचा मोठा निळा हंडा शेगडीवर चढवला. पाणी उकळलं, कॉफीचा लगदा आत सोडला, खळखळ होऊ दिली आणि शेवटी कपभर गार पाणी ओतलं. चोथा तळाला बसला आणि वर सोनेरी, स्वच्छ कॉफी राहिली. मार्लिस एका टोकाला कप मांडत होती. नेहमी नव्वद मांडायची, आज तिने पन्नास मांडले आणि उरलेल्यांकडे बघत तोंड वाकडं केलं.

स्वयंपाकघराची खिडकी जमिनीलगत होती. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. पावणेदहाला पलीकडून बूट बाहेर पडले. नेहमी ते थेट इकडे येत. आज ते पलीकडेच घोळका करून उभे राहिले. थंडीने पाय आपटत होते, पण गाड्यांकडेही जात नव्हते. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काय. मग त्यांतला एक जोड निघाला. मोठे, तपकिरी, पुरुषी बूट. नवरा गेल्यापासून कॉरीन त्याचेच बूट घालत होती, आत दोन दोन मोजे कोंबून. बूट रस्ता ओलांडून बेथानियाच्या फुटपाथच्या कडेपर्यंत आले. थांबले. आर्डिस खिडकीशी वाकली.

बूट वळले आणि परत गेले.

तेवढ्यात डोक्यावर लाऊडस्पीकर खरखरला. "गेल्या रविवारच्या निर्णयाला कुणाचीच हरकत नव्हती," गॉर्डन म्हणत होता, "त्याबद्दल समिती आपल्या सर्वांची आभारी आहे."

आर्डिसने हातातला डाव खाली ठेवला. "मार्लिस, फुटपाथवर बर्फ वितळवायच्या मिठाच्या गोण्या ओढायची घसरगाडी आहे ना, ती दाराशी आण. हंडा तिच्यावर चढव. कुणाला तरी हाताशी घे हवं तर."

"आणि तू कुठे चाललीस?"

"वर."

बाजूच्या दारातून ती थेट वेदीसमोर निघाली. अंगात ॲप्रन, कोपरापर्यंत कॉफीचा वास. सगळे बघायला लागले. पहिल्या बाकावर बसलेल्या तरुण पाळकबाई अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"माझी हरकत आहे," आर्डिस म्हणाली.

गॉर्डन समजूत घातल्यासारखा हसला. "आर्डिसबाई, हरकतीची वेळ गेल्या रविवारी होती. आता उशीर झाला."

"मला त्रेपन्न वर्षं उशीर झालाय, गॉर्डन. त्यात तुझा एक आठवडा कशाला मोजतोस?"

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे पाहा, व्यक्तिगत काही नाही यात. पण आपली म्हणून एक ओळख..."

"आपली ओळख मला सांगतोस? कॉरीनचा बाप्तिस्मा याच दगडी टाकीत झालाय. तिला माझ्या बापाने टेबलावरून उठवलं आणि मी किटली धरून गप्प बसले. गेल्या आठवड्यात तू उठवलंस, तेव्हाही मी खाली गप्प होते. हे वर बसलेले सगळेही गप्प होते. आपली ओळख ती एवढीच!" तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "माझी बहीण जिथे बसणार नाही तिथे मी कॉफी वाढणार नाही. आज खाली कॉफी नाही. ज्याला हवी त्याने रस्ता ओलांडावा."

"हंडा चर्चचा आहे!" गॉर्डन म्हणाला.

"रिकामा झाला की आणून देते."

ती निघाली. जिना ती कठडा धरून उतरली.

बाहेर घसरगाडी तयार होती. मार्लिसने पन्नास नाही, नव्वद कप खोक्यात भरून घेतले होते. दोघी म्हाताऱ्या दोरी धरून हंडा ओढायला लागल्या. पलीकडे कॉरीन लेनर्डच्या जुन्या पिकअपमध्ये बसली होती, इंजिन सुरू झालेलं. आर्डिसने हंडा गाडीच्या नाकासमोर आणून उभा केला आणि स्वतः त्याच्या शेजारी उभी राहिली.

कॉरीनने काच खाली केली. "बाजूला हो, वेडे! कोट कुठाय तुझा?"

"विसरला. उतर खाली. मला सगळ्यांसमोर हरकत घ्यावी लागली, आता कॉफी गार होतेय."

"कुणासमोर?"

"गॉर्डनसमोर. पाळकबाईंसमोर. अख्ख्या मंडळीसमोर."

कॉरीनने इंजिन बंद केलं, स्वतःचा कोट उतरवून बहिणीच्या खांद्यांवर टाकला आणि शेजारच्या सीटवरून झाकलेली ताटली घेतली. कोलाचे होते. यायचं नाही असं ठरवूनही तिने केले होतेच.

कॅथलिकांनी हंड्याभोवती गर्दी केली. फादरने चर्चमधलं घडीचं टेबल काढून आणलं. कपांतून वाफा निघायला लागल्या. रस्त्यापलीकडे बेथानियाचं दार उघडलं. मंडळी पायऱ्यांवर आली आणि थांबली. कोणी पहिलं निघेना. शेवटी जॅनेल एक्रे, गॉर्डनचीच बायको, कोटाची बटणं लावत पायऱ्या उतरली आणि तरातरा चालत आली.

"मला दूध घालून," ती म्हणाली. "आणि आज घरी मला कुणी काही विचारलं, तर माझीही हरकत आहे."

मग बाकीचे आले. सगळे नाही. दहा-बारा जण तसेच घरी गेले, नाकं मुरडत. गॉर्डन आला तो सगळ्यांत शेवटी आणि कॉफी न घेता उभा राहिला.

"मंगळवारी समितीची बैठक आहे, आर्डिसबाई. हे इथे संपणार नाही."

"नकोच संपायला. मंगळवारी मी येते आहे. आणि तू विचारायची वाट बघणार नाही."

तोवर ताटलीत एकच कोलाचा उरला होता. बेथानियाची माणसं शेवटचा तुकडा कधी उचलत नाहीत. कुणीतरी त्याचा अर्धा घेतं, दुसरा उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी ताटलीत नखाएवढा कण राहतो, तो मार्लिस घरी कोंबड्यांना नेते. आत्ताही जॅनेल सुरी शोधत होती.

कॉरीनने ताटली उचलली. आर्डिसला एकदम बाप आठवला. मग कॉरीनने ती तिच्यासमोर धरली.

"घे. अख्खा घे."

सगळी मंडळी बघत होती. आर्डिसने तो उचलला, कुणालाही अर्धा विचारला नाही, आणि खसखस कोटावर सांडत तिथेच उभ्याने संपवला.