तांबूची जागा

"मथुरे, औषध डॉक्टर देतील. तू आधी हात धर." थोरल्या सिस्टरांचं हे सांगणं मथुराबाईंनी अठरा वर्षं पाळलं होतं. रत्नागिरीच्या इस्पितळात अपघाताचा माणूस आला, की आया मथुराबाई त्याचा हात हातात घेऊन पुटपुटत दत्ताचं नाव घ्यायच्या. बघता बघता माणूस निवायचा.

मग तो कुत्रा आला. माडावरून पडलेल्या एका गड्यामागून आला. गड्याला मुंबईला हलवलं, कुत्रा मात्र पायरीवरच राहिला. घाबरलेलं माणूस दिसलं, की हा मुकाट्याने जवळ बसे आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवी. डॉक्टरांनी ते हेरलं. कुत्र्याला साबणाने न्हाऊ घातलं, तांबू नाव ठेवलं. आता इंजेक्शनाआधी हाक यायची ती "तांबूला आणा रे!" अशी.

"मथुराबाय, तुमच्या वरचा साहेब आला हो," वॉर्डबॉय रावजी हसायचा. "शेपूटवाला!"

बाई हसायच्या, पण तांबूकडे पाठ फिरवायच्या. रोज गाईला घास घातल्याशिवाय न जेवणारी बाई, मुक्या जिवावर जळायला लागली. बुधवारी मासळीचा टेम्पोवाला सदू हातखंब्याला, आपल्या गावी परत निघाला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "हा कुत्रा ने रे. तुझ्या गोठ्याला राखण होईल." सदूने तांबूला टेम्पोत घातलं.

संध्याकाळी जपाला बसल्या, तर माळ पुढे सरकेना.

गुरुवारी, बाईंच्या उपासाच्या दिवशी, राही नावाच्या एका तरण्या सुनेला आणलं. चिऱ्याच्या खाणीत काम करताना तिला विषारी फुरसं चावलं होतं. पोर सुई दिसली की पाय आखडून घेत होती. बाईंनी हात धरला, नाव घेतलं. राहीने हात सोडवून घेतला.

"तो तांबडा कुत्रा कुठे गेला वो? माझा सासरा खाणीत पडला, तवा हितं तोच बसला होता त्याच्यापाशी."

"मी आहे ना, बाय."

"तुमचापण हात कापतोय, मावशे!"

बाईंनी हात मागे घेतला. शेवटी दोघांनी धरून सुई टोचली. राही भिंतीकडे तोंड करून हुंदके देत राहिली.

"उद्यापण सुया हायत," ती म्हणाली. "त्याला आणाल ना वो?"

बाईंच्या ओठावर आलं, तो गेला, कुठे गेला कोण जाणे. पण उपासाच्या तोंडाने खोटं निघेना.

"आणते," त्या म्हणाल्या.

दुपारी पाळी संपली. साबुदाण्याचा डबा तसाच ठेवून बाईंनी रावजीकडे अर्धी भाकरी मागितली.

"अगो बाय! उपास मोडलात?"

"मला नको. तुझ्या साहेबाला हवी."

"तो कुठे आहे?"

"मी घालवलाय त्याला." रावजीचा हसरा चेहरा उतरला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. तांबूवरचा राग अजून गेला नव्हता. त्या कुत्र्याचं तोंड बघावंसंही वाटत नव्हतं. भाकरी पदराला बांधून त्या हातखंब्याच्या एसटीकडे चालू लागल्या.